अस्फटिकी औषधांचे स्थिरीकरण

अस्फटिकी औषधांचे स्थिरीकरण : औषधी द्रव्याचे रेणू सुव्यवस्थित स्फटिकजालकात न बसवता विस्कळीत घनरूपात ठेवणे आणि पूरक द्रव्यांच्या (एक्सिपियंट; गोळीतील औषधाखेरीजचे घटक) रेणूंशी त्यांचे बंध जुळवून ती अवस्था गोळीच्या संपूर्ण साठवणकाळात टिकवणे. अनेक नवी औषधे पाण्यात अत्यल्प विरघळतात. स्फटिकातील रेणू एकमेकांपासून सोडवण्यासाठी बरीच ऊर्जा खर्च करावी लागते. अस्फटिकी द्रव्यात जालकच नसल्याने हा अडसर दूर होतो आणि औषध लवकर व अधिक प्रमाणात विरघळते. मात्र ही अधिक ऊर्जेची अवस्था आहे. संधी मिळताच रेणू पुन्हा स्फटिकाकडे वळतात आणि मिळालेला लाभ नाहीसा होतो.

स्फटिकीभवन होण्यासाठी रेणूंना हालचाल करता आली पाहिजे आणि आपल्याच जातीचे रेणू योग्य दिशेने शेजारी मिळाले पाहिजेत. हालचालीचा मापदंड म्हणजे काचसंक्रमण तापमान. या तापमानाखाली द्रव्य काचेसारखे ताठर होते. इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाचे हे तापमान सुमारे ४२° से. आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या फारसे वर नाही. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन (पीव्हीपी) या बहुवारिकाचे (पॉलिमर; लांब साखळीच्या रेणूंचे द्रव्य) ते १५०° से.च्याही वर असल्यामुळे दोहोंच्या एकजीव मिश्रणाचे काचसंक्रमण तापमान वाढते. साठवण या तापमानाच्या सुमारे ५० अंश खाली करावी असा ठोकताळा रूढ आहे. पण केवळ या आकड्यावर विसंबणे अपुरे ठरते, कारण सारख्याच काचसंक्रमण तापमानाची दोन मिश्रणे वेगवेगळ्या काळापर्यंत टिकू शकतात. हा फरक बऱ्याच अंशी रेणूंमधील बंधांमुळे पडतो.

इंडोमेथॅसिनच्या उदाहरणात हे स्पष्ट दिसते. त्याच्या रेणूवर कार्बॉक्सिलिक आम्लगट असतो आणि असे दोन रेणू समोरासमोर येऊन दुहेरी हायड्रोजन बंधाने (एका रेणूतील हायड्रोजन व दुसऱ्यातील ऑक्सिजन यांसारख्या अणूमधील आकर्षणाने) जोडी बनवतात. शुद्ध अस्फटिकी इंडोमेथॅसिनमध्येही अशा जोड्या मोठ्या प्रमाणात असतात. जणू स्फटिकाची पहिली वीट तयारच असते. पीव्हीपीच्या कार्बोनिल गटातील ऑक्सिजन हायड्रोजन बंधाचा समर्थ ग्राहक असल्याने औषधाचा आम्लगट आपल्या जोडीदाराला सोडून बहुवारिकाशी बांधला जातो. बंधांची ओळख पटवणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटात जोडीचा १७१० प्रतिसेंमी.च्या आसपासचा पट्टा क्षीण होतो, तर पीव्हीपीच्या कार्बोनिलचा काही भाग कमी तरंगसंख्येकडे सरकतो. बहुवारिक येथे केवळ भरणद्रव्य नसते. औषधाला त्याच्या स्वतःच्या रेणूंपेक्षा जवळचा शेजारी मिळणे हेच या स्थिरीकरणाचे मर्म आहे. म्हणून औषध बंधासाठी हायड्रोजन देते की स्वीकारते, ते आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे पाहूनच पूरक द्रव्य निवडावे लागते. आम्ल आणि अल्क यांच्यात प्रोटॉनाची देवाणघेवाण झाली, तर आयनी आकर्षणाने पकड आणखी घट्ट होते.

या व्यवस्थेचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. हवेतील ओलावा शोषला गेला की पाण्याचे लहान रेणू मिश्रणाचे काचसंक्रमण तापमान झपाट्याने खाली आणतात आणि त्याच वेळी बहुवारिकावरील बंधस्थानांसाठी औषधाशी स्पर्धा करतात. बंध दुबळे असतील तर औषध व बहुवारिक वेगळे होतात, औषधसमृद्ध भाग तयार होतात आणि तेथेच स्फटिक उगवतात. पीव्हीपी स्वतः आर्द्रताशोषक असल्याने, बंध उत्तम जुळूनही, आवेष्टन ओलावारोधक ठेवावे लागते. हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिल सेल्युलोज ॲसिटेट सक्सिनेट (एचपीएमसीएएस) हे दुसरे बहुवारिक तुलनेने कमी पाणी शोषते.

बहुवारिकाचे प्रमाण जास्त लागल्यास गोळी मोठी होते. त्यावर उपाय म्हणून सहअस्फटिकी मिश्रणे पुढे आली. त्यांत औषधाचा सोबती लहान रेणूच असतो. नॅप्रॉक्सेन या वेदनाशामकाचा वितळलेला रस थंड करताना तो लगेच स्फटिक बनतो, पण इंडोमेथॅसिनसोबत समप्रमाणात घेतल्यास दोघांचे आम्लगट परस्परांशी जोडी करतात आणि मिश्रण अस्फटिकी राहते. अर्जिनिनसारखी अमिनो आम्लेही आम्लधर्मी औषधांसाठी याच प्रकारे वापरता येतात.

स्फटिक बहुधा पृष्ठभागावर आधी वाढतात, कारण तेथील रेणू आतल्या रेणूंपेक्षा मोकळे असतात. अस्फटिकी इंडोमेथॅसिनच्या पृष्ठभागावर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा बहुवारिकाचा थर दिला तरी ही वाढ रोखता येते, असे प्रयोगांत दिसले आहे.

हे बंध पोटात गेल्यावरही उपयोगी पडतात. अस्फटिकी औषध विरघळले की द्रावण अतिसंपृक्त होते, म्हणजे त्यात एरवी मावेल त्याहून अधिक औषध असते; द्रावणातील बहुवारिक औषधरेणूंभोवती राहून आणि कोवळ्या स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून औषध निक्षेपित होणे (घनरूपात बाहेर पडणे) लांबवते. मात्र घनरूपात उत्तम ठरलेले बहुवारिक द्रावणातही तितकेच उपयोगी पडेल असे नाही. पाण्यात बंधस्थाने बहुतांशी पाण्याच्याच रेणूंनी व्यापलेली असतात, त्यामुळे तेथे जलविरोधी गटांमधील आकर्षणाला अधिक महत्त्व येते. एचपीएमसीएएसमध्ये जलविरोधी ॲसिटेट गट आणि आतड्यात आयनीभूत होणारे सक्सिनेट गट एकाच साखळीवर असल्याने ते या कामात विशेष परिणामकारक ठरते.