रोबोट मध्येच उभा राहिला तर (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्यानं सुरू होतात: "रोबोट बंद पडलाय." जाऊन पाहावं तर बॅटरी भरलेली, मोटर थंड, बिघाडाचा एकही दिवा नाही. रोबोट बंद पडलेला नसतो, थांबलेला असतो. हा फरक तुमच्या शिफ्ट सुपरवायझरला ओळखता आला, तर आमची वाट बघत बसायची वेळ क्वचितच येईल.

एएमआर, म्हणजे मालाची ने-आण करणारा हा स्वयंचलित रोबोट, सहसा तीन कारणांनी थांबतो. आपण कुठे आहोत याची त्याला खात्री उरत नाही, किंवा पुढची वाट मोकळी नसते, किंवा पुढे जायची परवानगी आलेली नसते. पहिलं कारण नुसतं बघून कळत नाही, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितो.

मी नेमका कुठे आहे?

छपराखाली जीपीएसचा भरवसा नाही. रोबोट आधी चाकांचे फेरे मोजतो. डोळे मिटून पावलं मोजत दारापर्यंत जावं, तसा हा प्रकार, आणि त्यात चूक साचत जाते. दिशेत फक्त १ अंशाची गफलत झाली, तर १० मीटर सरळ गेल्यावर रोबोट सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. ट्रॉलीखाली शिरताना दोन्ही बाजूंना इतकी जागा कुठून असणार? त्यात फरशीवर तेल सांडलं असेल तर चाक जागच्या जागी फिरतं आणि मोजणी म्हणते, आपण पुढे आलो.

ही चूक लिडार सुधारतो. तो लेझर किरण फिरवून भिंती, खांब आणि यंत्रं किती अंतरावर आहेत ते मोजतो. रोबोट बसवताना आमचा माणूस तो सगळीकडे हातानं फिरवतो, तेव्हा तुमच्या शॉप फ्लोअरचा नकाशा तयार होतो. त्यात सगळा मजला साधारण ५ सेंटिमीटरच्या चौकोनांत विभागलेला असतो आणि प्रत्येक चौकोन भरलेला, रिकामा किंवा न पाहिलेला असतो. नकाशा काढता काढता त्यातच स्वतःची जागाही शोधायची, या पद्धतीला स्लॅम म्हणतात.

पुढे रोजच्या कामात रोबोट "मी बहुधा इथे असेन" असे शेकडो अंदाज एकाच वेळी बाळगतो. समोर दिसणाऱ्या भिंतींशी जे अंदाज जुळत नाहीत ते गळतात, जे जुळतात ते टिकतात. १९९९ साली मांडलेली ही पद्धत आजही सर्रास वापरली जाते. टॅबलेटवर 'स्थान' उघडलंत तर हे अंदाज हिरव्या ठिपक्यांच्या रूपात दिसतील. ठिपके एका जागी गोळा झालेले असतील तर रोबोटला खात्री आहे. पांगलेले असतील तर तो बिचकलाय.

तो कुठे बिचकतो? दोन्ही बाजूंना सपाट भिंती असलेल्या लांब गल्लीत. भिंतींपासून किती दूर आहोत ते त्याला कळतं, पण गल्लीत किती आत आलोय ते कळत नाही. काच आणि चकचकीत स्टीलसुद्धा किरणांना फसवतात.

आमचीच एक चूक सांगतो. एका ग्राहकाकडे नकाशा केला त्या दिवशी एका बाजूला रिकाम्या पॅलेटच्या थप्प्या होत्या. आम्ही त्या नकाशात तशाच राहू दिल्या, म्हणजे रोबोटच्या लेखी ती भिंतच झाली. पुढे थप्प्या उचलल्या गेल्या आणि परत रचताना अर्धा मीटर पुढे आल्या. रोबोटनं 'भिंती'वर विश्वास ठेवला आणि स्वतःलाच अर्धा मीटर सरकलेला धरलं. दोन दिवस आम्ही चाकं तपासत बसलो! शेवटी थप्प्या नकाशातून पुसल्या आणि खांबांवर परावर्तक पट्ट्या लावल्या. एका रेषेत नसलेल्या तीन पट्ट्या नीट दिसल्या की रोबोटला आपली जागा काढता येते. म्हणून रॅक, थप्पी किंवा जाळी कायमची हलवणार असाल तर आधी कळवा. नकाशाचा तेवढा तुकडा नव्यानं करायला फार वेळ लागत नाही.

आणि कृपा करून रोबोट ढकलून बाजूला करू नका. चाकं मोकळी सोडून ढकलला किंवा उचलून ठेवला, तर तो अजून जुन्याच जागी आहोत असं समजत राहतो. संशोधकांनी या अवस्थेला 'पळवून नेलेला रोबोट' असं नाव दिलंय, आणि ते अगदी चपखल आहे. हलवणं भागच असेल तर हलवल्यावर टॅबलेटवर त्याची जागा आणि तोंडाची दिशा बोटानं दाखवा. दिशा विसरू नका, बरेच जण नेमकी तीच विसरतात.

वाट मोकळी आहे का?

सेफ्टी स्कॅनर रोबोटसमोर एक अदृश्य पट्टा आखतो. त्यात कुणी आलं की रोबोट थांबतो, आणि वेगानुसार पट्ट्याची लांबी बदलते. ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १.५ मीटर वेग असेल, तर बेताच्या ब्रेकनं थांबायला सव्वा मीटरच्या जवळपास अंतर लागतं. वेग निम्मा केला की ते अंतर पावपट होतं. वळणावर रोबोट 'रांगतो' अशी तक्रार येते, त्यामागे हा हिशोब आहे. पट्टा लहान करून द्या असं सांगू नका. चालकरहित औद्योगिक वाहनांसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक आहे आणि या बाबतीत आम्ही सवलत देत नाही.

हा स्कॅनर जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटर उंचीवरची एकच आडवी पातळी बघतो. त्याच्या वर लोंबणारी वस्तू, उचलून धरलेले फोर्कलिफ्टचे काटे किंवा टेबलाची पुढे आलेली कड त्याला दिसत नाही. त्यासाठी वरचा कॅमेरा आहे, पण तो सेफ्टी स्कॅनरची जागा घेत नाही. फोर्कलिफ्ट उभी करताना काटे जमिनीला टेकवायचे, हा नियम इथे दुप्पट महत्त्वाचा.

उलटंही घडतं. मालाला गुंडाळलेल्या प्लास्टिकचं शेपूट स्कॅनरसमोर लोंबतं आणि रोबोट स्वतःच्याच मालाला घाबरून उभा राहतो. स्कॅनरची काच रोज मऊ स्वच्छ फडक्यानं पुसा. हात पुसायच्या तेलकट चिंधीनं नको.

परवानगी आली का?

एकापेक्षा जास्त रोबोट असले की फ्लीट मॅनेजर लागतो. हे सॉफ्टवेअर सगळ्या वाटांचे तुकडे पाडतं आणि एक तुकडा एका वेळी एकाच रोबोटला देतं, एकेरी रेल्वेमार्गावर एका वेळी एकच गाडी सोडतात तसं. टॅबलेटवर मार्गाचा ठळक भाग म्हणजे मिळालेली परवानगी, तुटक भाग म्हणजे नुसता बेत. ठळक रेघ संपली तिथे रोबोट उभा असेल तर तो रांगेत आहे. त्याला हात लावू नका.

वेगवेगळ्या कंपन्यांचे रोबोट एकत्र चालवायचे असतील तर व्हीडीए ५०५० हा जर्मनीत तयार झालेला, रोबोट आणि फ्लीट मॅनेजर यांच्यातल्या संवादाचा नियमसंच कामाला येतो. परवानगी आणि बेत हा भेद त्यातही आहे. मात्र तो फक्त समान भाषा देतो. चौकात आधी कोण जाणार, ते फ्लीट मॅनेजरलाच ठरवावं लागतं.

चौकात खरी कोंडी होते. चार बाजूंनी चार रोबोट आत शिरले आणि प्रत्येकाला पुढच्यानं अडवलेली जागा हवी असली, तर कुणीच हलत नाही. म्हणून आम्ही गल्ल्या शक्यतो एकेरी ठेवतो आणि चौकापलीकडची जागा रिकामी असल्याशिवाय कुणाला चौकात सोडत नाही. रोबोट रिकाम्या चौकासमोर उगाच थांबल्यासारखा दिसतो, तो यामुळे. काम उरकत नाही म्हणून आणखी दोन रोबोट घ्यायचा विचार असेल, तर विक्रेते असूनही सांगतो, आधी कोंडी कुठे होते ते बघू. अरुंद गल्लीत रोबोट वाढवले की फेऱ्या कमी झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

एक भुताटकी मात्र सगळ्यांना छळते. वाय-फाय तुटलं किंवा रोबोट दुरुस्तीला उचलून नेला, तरी त्याचा तुकडा त्याच्याच नावावर अडकून राहतो. रिकाम्या गल्लीसमोर बाकीचे रोबोट ताटकळतात. रोबोट मजल्यावरून काढलात की फ्लीट मॅनेजरमधूनही 'सेवेतून काढा' दाबा. त्याआधी तो खरंच तिथे नाही ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.

फोन करताना

रोबोटचा क्रमांक, थांबल्याची वेळ, ठिपके गोळा होते की पांगलेले, पुढची रेघ ठळक होती की तुटक, आणि कालपासून त्या जागी काय हललंय, एवढं सांगा. फोटो पाठवणार असाल तर रोबोटचा नको. इमर्जन्सी स्टॉप दाबा, त्याच्या शेजारी खाली बसा आणि फोन स्कॅनरच्या उंचीवर धरून त्याच्या समोर काय आहे त्याचा फोटो काढा.