खातं बंद आहे, हे नक्की कुठे लिहिलेलं असतं?

६६०५०. ऑफिसच्या डिरेक्टरीत एखाद्याच्या नावापुढे हा आकडा दिसला की मला दोन गोष्टी कळतात: खातं बंद केलेलं आहे आणि त्याच्या पासवर्डला मुदत घातलेली नाही. हा आकडा वाचायला शिकणं अजिबात कठीण नाही, आणि एकदा ते जमलं की शेकडो खात्यांची तपासणी स्क्रिप्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, सोपवता येते.

सकाळी तुम्ही संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकता, तेव्हा तो तपासण्याचं काम बहुतेक मोठ्या ऑफिसांत समोरचा संगणक करत नाही. तो डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरला विचारतो. त्या सर्व्हरवर सगळ्या युजरची एक नोंदवही असते. मायक्रोसॉफ्टच्या जगात तिचं नाव अॅक्टिव्ह डिरेक्टरी. विंडोज २००० सर्व्हरबरोबर ती आली आणि आजही असंख्य ऑफिसं तिच्यावर चालतात. या वहीला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एलडॅप. ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात घडली.

वहीत प्रत्येक माणसाच्या नोंदीला बरेच खाने असतात. त्यातल्या एकाचं नाव ‘युजर अकाउंट कंट्रोल’. ६६०५० हा आकडा त्याच खान्यातला.

किराणा दुकानातली वजनं डोळ्यांसमोर आणा, पण १, २, ४, ८, १६ अशी दरवेळी दुप्पट होत जाणारी. प्रत्येक वजन एकच आहे. अशा वजनांची गंमत ही, की पारड्यात एकूण किती भार आहे एवढंच सांगितलं तरी कोणकोणती वजनं ठेवली आहेत ते अचूक ओळखता येतं. कोणतीही बेरीज एकाच प्रकारे जुळते. डिरेक्टरीने प्रत्येक वजनाला एक अर्थ दिला आहे. ५१२ म्हणजे साधा युजर. २ म्हणजे खातं बंद. ३२ म्हणजे पासवर्ड नसला तरी चालेल (हे वजन दिसलं तर हातातलं काम सोडून आधी तिकडे बघावं). ६५५३६ म्हणजे पासवर्डची मुदत कधीच संपणार नाही. म्हणून ५१२ हे चालू खातं, ५१४ बंद खातं, आणि ६५५३६, ५१२ आणि २ मिळून ६६०५०.

इथेच नव्या माणसाची पहिली चूक होते. तो स्क्रिप्टमध्ये लिहितो: आकडा ५१४ असेल तर खातं बंद, नाहीतर चालू. मग ६६०५० आकड्याचं बंद खातं यादीत चालू म्हणून येतं. योग्य प्रश्न असा: पारड्यात २चं वजन आहे का? बाकीची असोत वा नसोत. संगणकाला हे बेरजेतून वजनं सुटी करून बघणं क्षणाचं काम आहे. पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट लिहायच्या भाषेत तर त्यासाठी तयार आज्ञाच मिळते.

पण ‘बंद’ आणि ‘लॉक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद माणूस करतो. लॉक यंत्रणा करते, पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की. लॉकसाठी १६चं वजन कागदावर आहे, पण अॅक्टिव्ह डिरेक्टरी या खान्यात ते ठेवत नाही. लॉक कधी लागलं ती वेळ दुसऱ्याच खान्यात असते. शिवाय लॉकची मुदत संपली तरी ती वेळ लगेच पुसली जात नाही, माणूस पुन्हा यशस्वीपणे आत येईपर्यंत तशीच राहते. म्हणजे त्या वेळेत लॉकचा कालावधी मिळवायचा, आत्ताच्या वेळेशी ताडून बघायचं, आणि मगच खातं लॉक आहे म्हणायचं.

आणि ही वेळ लिहिलेली कशी असते? १ जानेवारी १६०१ पासून आजपर्यंत एका सेकंदाचे एक कोटी भाग याप्रमाणे किती भाग उलटले, तो आकडा. शिवरायांच्या जन्माच्या २९ वर्षं आधीची ही तारीख वेड्यासारखी वाटते, पण तिला कारण आहे. ग्रेगरियन पंचांगात लीप वर्षांचं चक्र ४०० वर्षांनी पूर्ण होतं, आणि १६०१ हे त्या चक्राचं पहिलं वर्ष. तिथून मोजलं की हिशेब सरळ राहतो. खात्याला मुदतच नसेल, तर मुदतीच्या खान्यात अनेकदा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ हा राक्षसी आकडा असतो. त्याची तारीख काढायला गेलात तर उत्तर इसवी सन ३०८२८ मध्ये जातं. नेहमीची तारीख-प्रणाली ९९९९ सालापर्यंतच पोचते, त्यामुळे स्क्रिप्ट तिथे चूक दाखवते. म्हणून हा आकडा आधीच ओळखून ‘मुदत नाही’ असं लिहायला सांगावं लागतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते ‘शेवटचं लॉगिन’ या खान्यानं. एका संस्थेत मी वर्षभर न वापरलेल्या खात्यांची यादी काढली. त्यात लेखा विभागातले एक काका होते. त्यांचं खातं बंद करायच्या आधी सहज फोन लावला, तर म्हणाले, “अहो, मी रोज साडेनऊला लॉगिन करतो!” ते खरं बोलत होते. ते दुसऱ्या शाखेत बसत, आणि त्यांचा पासवर्ड त्या शाखेतला डोमेन कंट्रोलर तपासत असे. शेवटच्या लॉगिनची नेमकी वेळ ज्या कंट्रोलरने पासवर्ड तपासला त्याच्याकडेच राहते, बाकीच्यांना कळवली जात नाही. मी एकाच कंट्रोलरला विचारलं होतं. प्रत्येकाला विचारून सर्वांत ताजी वेळ घ्यायला हवी होती.

सगळ्या कंट्रोलरना कळवली जाणारी एक वेगळी वेळही असते, पण नेटवर्कवर भार पडू नये म्हणून ती मुद्दाम आळशी ठेवली आहे. मूळ मांडणीनुसार तिच्यात ९ ते १४ दिवसांचा मागे-पुढेपणा असतो. ९० दिवस न वापरलेली खाती शोधायला ती उत्तम. काल कोण आलं होतं, हे तिला विचारू नये. आणखी एक: सर्व्हर एका वेळी साधारण १००० नोंदीच देतो. पुढचं पान मागायला स्क्रिप्ट विसरली, तर उरलेले लोक जणू अस्तित्वातच नाहीत.

एवढ्या बारकाईची गरज काय, असं वाटेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन ७ मे २०२१ रोजी सायबर हल्ल्यामुळे कंपनीला थांबवावी लागली. हल्लेखोर आत शिरले होते ते व्हीपीएनच्या (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या वाटेच्या) एका जुन्या खात्यातून. ते कोणी वापरत नव्हतं, पण चालू होतं, आणि पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही तपासणी त्यावर नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली, आणि तरीही कित्येक पेट्रोल पंपांवर रांगा लागल्याच.

माझी स्क्रिप्ट आता रोज पहाटे चालते. ती प्रत्येक कंट्रोलरला विचारते, पानं उलटत शेवटपर्यंत जाते, आणि ९० दिवस न वापरलेल्या चालू खात्यांची यादी एचआरला पाठवते. स्वतः ती काही बंद करत नाही. यादीतला माणूस बाळंतपणाच्या रजेवर असू शकतो, किंवा ते खातं माणसाचं नसून रात्री बॅकअप घेणाऱ्या यंत्रणेचं असू शकतं. एचआरने होकार दिला की मी २चं वजन पारड्यात टाकते, खातं पुसत नाही. प्रत्येक खात्याला जन्मतः एक ओळख क्रमांक मिळतो आणि फोल्डरचे सगळे अधिकार त्या क्रमांकाला बांधलेले असतात. खातं पुसून त्याच नावाने नवं उघडलं तर क्रमांक नवा मिळतो, आणि जुन्या फाइलींची दारं त्या माणसाला उघडत नाहीत. बंद केलेलं खातं मात्र २चं वजन काढलं की होतं तसं परत येतं.