घराला वास असतो

दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका खेड्यातल्या दवाखान्यात स्वयंसेवक नर्स म्हणून काम करून माझी पुतणी जूनमध्ये घरी आली. आमचं घर गुहागरपासून जवळच. ओटीवर पाय ठेवला आणि ती थबकली. "काका, आपल्या घराला वास आहे!" ओल आलेल्या भिंती, न्हाणीच्या चुलीचा धूर, फणस, डब्यातला सुका जवळा, सगळं मिळून एकच वास. आम्हाला कुणालाच तो येत नव्हता.

एकच वास सतत येत राहिला की नाकातल्या पेशींचा प्रतिसाद काही मिनिटांत मंदावतो आणि मेंदूही त्याची दखल घेणं सोडतो. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला कळत नाही. तिला तो कळला, कारण तिची ती सवय दोन वर्षांत सुटली होती.

पुढचे तीन आठवडे तिला झोप लागेना, बारीकसारीक गोष्टींवरून रडू यायचं. "प्रवासाचा शीण असेल," असं सगळे म्हणाले. पण मलावीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तासच मागे आहे. शरीरातलं घड्याळ साधारण दिवसाला तासभर सरकतं, म्हणजे तो हिशोब चार-पाच दिवसांत मिटतो.

परदेशी गेलेला माणूस आधी हरखतो, मग खचतो, मग सावरतो, असं नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार यांनी १९५५ मध्ये मांडलं. इंग्रजी 'यू' अक्षरासारखा हा आलेख. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधक दांपत्याने त्याला दुसरा 'यू' जोडला, तो घरी परतल्यानंतरचा, आणि आलेखाचा 'डब्ल्यू' झाला. प्रत्येक जण याच वळणाने जातो असं नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण दुसरी घसरण असते हे सांगितलं गेलं, हेच मला मोलाचं वाटतं. त्याआधी परतलेल्यांना आपलंच काही बिघडलंय असं वाटत असणार.

ही घसरण का होते? मेंदू सतत पुढचं ओळखून असतो: पायरी इथे असेल, आई असं म्हणेल. अंदाज चुकला की तो दचकतो, आणि अंदाज जितका पक्का तितका दचका मोठा. मलावीला जाताना तिचे अंदाज सैल होते, सगळं वेगळं असणार हे ठाऊक होतं. घराबद्दल मात्र ती निर्धास्त होती. पण घर दोन वर्षं पुढे गेलं होतं आणि ती स्वतःही.

एकदा आई भांडी घासताना तिने येऊन नळ बंद केला. "अगं, विहीर तुडुंब आहे," आई म्हणाली. खरं तर आमच्याकडेही एवढा पाऊस पडून मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्यातून आणि उतारावरून पाणी टिकत नाही. पण तिला आठवत होती हातपंपावरची रांग. एसटीत कंडक्टरने तिकीट दिलं तर तिच्या तोंडून "झिकोमो" निघालं, चिचेवा भाषेतलं 'आभारी आहे'. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही जाग्या असतात, बोलताना एकीला दाबून धरावं लागतं. दोन वर्षं तिने मराठीला दाबलं होतं, आता उलट करायचं, त्यालाही सराव लागतो.

कोकणाला परतणारी माणसं नवीन नाहीत. पण गणपतीला येणारा चाकरमानी दहा दिवसांचा पाहुणा, त्याचे लाड होतात. ही राहायला आली होती. येणारा-जाणारा विचारायचा, "कसं होतं गं तिकडे?" आणि दोन वाक्यांत गाडी भाताच्या लावणीवर यायची. एवढ्या मोठ्या प्रश्नाला उत्तर तरी काय द्यायचं!

मस्कतला पंधरा वर्षं काढून आलेले शेजारचे आजोबा एका संध्याकाळी ओटीवर टेकले. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी कुठून आणायचीस?" तिने खळ्याकडे बोट दाखवलं, पंप इथे, दवाखाना त्या माडापाशी, आणि पहाटे चारला बायका बादल्या ठेवून नंबर कसा लावायच्या ते सांगू लागली. आजी दिवा लावून आली तरी तिचं सांगणं चाललंच होतं.