एक नंबरचा प्रोग्रॅम कोण निवडतं?

लॅपटॉपचं बटण दाबलं की आधी चिपमध्येच बसवलेला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, जागं होतं, ते बूटलोडरला सुरू करतं आणि बूटलोडर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. कर्नल हार्डवेअर ओळखून घेतं आणि मग एकच प्रोग्रॅम चालू करतं. त्याचा क्रमांक १. नेटवर्क, आवाज, लॉगिनचा पडदा, सगळं पुढे याच्या हाताखाली उभं राहतं. हा एक नंबर बंद पडला तर कर्नल हात टेकतं आणि मशीन जागच्या जागी थांबतं.

या जागी कोणाला बसवायचं, हे डेबियन किंवा फेडोरासारखी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची वापरायला तयार आवृत्ती, सांभाळणारी माणसं ठरवतात. पण ती बहुतेक सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेलं घेऊन, एकमेकांशी जुळवून, पॅकेज बांधून आपल्यापर्यंत पोचवतात. मूळ लिहिणारे म्हणजे 'अपस्ट्रीम', प्रवाहाच्या वरच्या अंगाचे. कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे त्याला ही गोष्ट लगेच कळेल.

आता लॅपटॉपचं झाकण मिटून बघा. मशीन झोपतं. साधी गोष्ट वाटते, पण झोपवायचा हक्क कोणाचा? समोर बसलेल्याचा असावा. दुरून नेटवर्कवरून आत आलेल्याचा नसावा. म्हणजे आत्ता कीबोर्डवर कोण आहे, याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी. पूर्वी हे काम कन्सोलकिट करत असे. पुढे त्याच्याकडे बघणारं कोणी उरलं नाही.

२०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी हा नवा एक नंबर आणला होता. त्याच प्रकल्पात लॉगिनडी तयार झालं आणि त्याने कन्सोलकिटची जागा घेतली. लिनक्सवर खिडक्या आणि मेन्यू दाखवणारा ग्नोम डेस्कटॉप बनवणारे तिकडे वळले, आणि त्यात त्यांची चूक नाही. बेवारस कोडवर कोण विसंबणार? मग २०१३ मध्ये सिस्टमडीची २०५ वी आवृत्ती आली. चालू प्रोग्रॅमचे, म्हणजे प्रोसेसचे, गट सांभाळायचं काम आता एक नंबरकडे गेलं आणि लॉगिनडीला एक नंबर म्हणून सिस्टमडीच लागू लागलं. झाकण मिटण्याची सोय आणि मशीन सुरू होण्याची पद्धत अशी एका गाठीत बांधली गेली.

डेबियनमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एक नंबर कोण, हा प्रश्न तांत्रिक समितीपुढे गेला. जुनं सिसव्ही-इनिट, उबुंटू या डिस्ट्रोचं अपस्टार्ट, जेंटू या डिस्ट्रोचं ओपनआरसी आणि सिस्टमडी, असे चार पर्याय होते. त्यात डेबियनची फ्रीबीएसडी आणि हर्ड कर्नलवर चालणारी रूपंही होती; सिस्टमडी फक्त लिनक्सवर चालतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ सदस्यांची मतं चार-चार अशी फुटली आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडलं गेलं. तीन दिवसांत उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही त्याच वाटेने जाईल असं जाहीर केलं, स्वतःचं अपस्टार्ट बाजूला ठेवून.

सिस्टमडी तांत्रिकदृष्ट्या चांगलं आहे, असं माझं मत आहे. सेवा कोलमडली की ते तिला पुन्हा उभं करतं, कोणाआधी कोण हे नीट सांभाळतं. पण ज्यांना दुसरी वाट हवी होती त्यांच्यावर पडलेलं ओझं मला फार मोठं वाटतं. जेंटूच्या लोकांनी सिस्टमडीतलं युडेव्ह, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणारा भाग, वेगळं काढून ईयुडेव्ह चालवलं. लॉगिनडीचा भाग सोलून ईलॉगिनडी तयार झालं. सिस्टमडी नको म्हणून डेबियनमधून फुटलेल्या देवुआनची पहिली पक्की आवृत्ती यायला २०१७ उजाडलं. वर एक ओळ बदलली की खाली प्रत्येकाने आपले पॅच, म्हणजे कोडला लावलेली ठिगळं, पुन्हा तपासायचे, आणि हे करणारी बरीच माणसं नोकरी सांभाळून रात्री बसतात.

जुन्या मोबाइलला नवं आयुष्य देणारं पोस्टमार्केटओएस ओपनआरसीवर चालत आलं होतं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी सिस्टमडी आणायचं जाहीर केलं, कारण ग्नोम आणि केडीई हा दुसरा डेस्कटॉप सिस्टमडीशिवाय चालवण्याची डागडुजी त्यांना झेपेना. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये लॉगिननंतरचं सेशन चालवणारा ग्नोमचा स्वतःचा जुना कोडही काढून टाकला गेला. ते काम आता सिस्टमडीकडे आहे. ज्यांच्याकडे सिस्टमडी नाही, ते पुन्हा पॅच लिहायला बसले आहेत.