पार्श्वभूमी : हजार जागा गेल्या, पण कोणाच्या मोजपट्टीने?

इंग्लंडमधली २०२३ ची स्थानिक निवडणूक तोंडावर आली होती आणि ब्रिटनमध्ये तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे पदाधिकारी टीव्हीवर येऊन आपणहून सांगत होते, की या वेळी आमच्या हजार जागा जाऊ शकतात. मत एकही पडले नव्हते. आकडा आधीच फुगवून ठेवायचा, म्हणजे सहाशे-सातशे जागा गेल्या तर ‘वाटले होते तेवढे वाईट नाही’ म्हणायची सोय राहते, असा त्यामागचा हिशेब. विरोधातला मजूर (लेबर) पक्ष तोच डाव उलटा खेळत होता आणि आपले लक्ष्य जमेल तेवढे खाली सांगत होता. मोजणी संपली तेव्हा हुजूर पक्षाच्या १,०६३ जागा गेल्या होत्या. दाखवायला काढलेला आकडा प्रत्यक्षात ओलांडला गेला, आणि सबबीसाठी काहीच उरले नाही.

ही चाल जुनीच. २००३ मध्ये विरोधात असलेल्या हुजूर पक्षाने तीसेक जागा वाढल्या तरी समाधान मानू, असे सांगून ठेवले होते. वाढल्या पाचशेहून अधिक. तरी पक्षनेत्याला त्याचा उपयोग झाला नाही. मतदान संपता संपता त्याच्याच एका सहकाऱ्याने पद सोडले आणि नेता बदला अशी जाहीर मागणी केली. दुसऱ्या दिवशी जागांपेक्षा चर्चा त्याचीच झाली, आणि ऑक्टोबरअखेर खासदारांनी नेत्याला घरी पाठवले. निकाल चांगला असूनही नेता जातो आणि निकाल वाईट असूनही नेता टिकतो. दुसऱ्या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण १९९० चे.

त्या वर्षी १ एप्रिलपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये पोल टॅक्स लागू झाला. घराच्या किमतीवर नव्हे, माणशी कर. आदल्याच दिवशी लंडनमध्ये त्याविरुद्ध दंगल झाली होती. ३ मेच्या मतदानात हुजूर पक्षाने देशभर दोनशेहून अधिक जागा गमावल्या आणि मजूर पक्ष मतांत बराच पुढे गेला. तरीही सकाळच्या बातम्यांत दोनच नावे दुमदुमत होती : वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर. लंडनमधल्या या दोन कौन्सिलांनी, म्हणजे नगरपालिकांनी, कर अनुक्रमे १४८ आणि १९५ पौंड ठेवला होता, आणि देशाची सरासरी साडेतीनशेच्या पुढे होती. दोन्हीकडे हुजूर पक्ष दणक्यात जिंकला. मग पक्षाने सूर लावला : कर वाईट नाही, उधळपट्टी करणाऱ्या कौन्सिली वाईट आहेत. सरकारी अनुदानाचे सूत्र नेमके या दोघांच्या पथ्यावर पडले, हा विरोधकांचा आरोप त्या गोंगाटात विरून गेला. वेस्टमिन्स्टरमध्ये अटीतटीच्या प्रभागांतली कौन्सिलची घरे आपल्याला मत देतील अशा लोकांच्या हाती जावीत म्हणून विकण्याचे धोरण तर नंतर बेकायदा ठरले. त्यावरचा अंतिम निवाडा यायला २००१ उजाडले. बातमीदारांना आधीपासून त्या दोन ठिकाणांकडे वळवून ठेवणे हे प्रचारकौशल्य म्हणून आजही वाखाणले जाते. माझ्या मते त्याला दिशाभूल म्हणणे जास्त बरोबर. तरी तिची मुदत सहा महिन्यांचीच निघाली. नोव्हेंबरमध्ये, सलग तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकून दिलेल्या पंतप्रधानबाईंना त्यांच्याच खासदारांनी पायउतार केले. ही दोन्ही कौन्सिली मजूर पक्षाकडे गेल्या त्या २०२२ मध्ये.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे. १९६८ मध्ये लंडनच्या ३२ पैकी २८ कौन्सिली हुजूर पक्षाने घेतल्या, आणि मजूर पक्षाला इस्लिंग्टन, हॅकनीसारखे बालेकिल्लेही राखता आले नाहीत. १९८३ आणि १९८७ मध्ये मे महिन्यातले स्थानिक आकडे तपासूनच सत्ताधाऱ्यांनी जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक लावली. स्थानिक निकाल म्हणजे राष्ट्रीय हवामानाचा अंदाज, ही समजूत तिथून घट्ट झाली.

खरा घोळ आहे तो याच समजुतीत, आणि तिच्या पोटातून आलेल्या एका आकड्यात : अंदाजित राष्ट्रीय मतवाटा. दरवर्षी मतदान वेगवेगळ्या भागांत होते. एखाद्या वर्षी ग्रामीण कौंट्या, एखाद्या वर्षी लंडन आणि मोठी शहरे. त्यामुळे नुसत्या मतांची बेरीज करून मागच्या वर्षाशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. म्हणून १९८० च्या दशकापासून अभ्यासक निवडक प्रभागांतली मते जमवतात, मागच्या वेळेपेक्षा ती कुठे आणि किती सरकली ते पाहतात, आणि उत्तर काढतात, की आज साऱ्या ब्रिटनने याच रीतीने मतदान केले असते तर कोणत्या पक्षाला किती टक्के मिळाले असते. अशा दोन पद्धती प्रचलित आहेत. त्यांचे आकडे एक-दोन टक्क्यांनी वेगळे येतात, आणि जो आपल्याला बरा तो पक्ष उचलतात.

हा आकडा मोजलेली मते नव्हे, पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीचे भाकीत तर नव्हेच. ‘आज’ आणि ‘याच रीतीने’ या दोन अटी त्यात आहेत, आणि निकालाच्या रात्री दोन्ही गळून पडतात. २०१७ मध्ये ४ मेला हुजूर पक्षाला ३८ आणि मजूर पक्षाला २७ टक्के असा वाटा निघाला. सार्वत्रिक निवडणूक तेव्हा जाहीर झालेलीच होती. हुजूर गोटात आता निकालाची औपचारिकताच बाकी आहे असा थाट होता. पाच आठवड्यांनी मजूर पक्षाने ४० टक्के घेतले आणि पंतप्रधानांचे बहुमत गेले.

२०२४ मध्ये नेमके उलटे घडले, म्हणून तो प्रसंग जास्त बोलका. २ मेच्या मतदानात हुजूर पक्षाची धूळधाण झाली. वेस्ट मिडलंड्सचे महापौरपद दीड हजार मतांनी गेले. टीस व्हॅली तेवढे राहिले, आणि १९९० ची आठवण व्हावी अशा उत्साहाने ते एकटे पुढे करण्यात आले. पण पंतप्रधानांना खरा आधार सापडला तो एका वृत्तवाहिनीवरच्या गणितात. त्या दिवशीचा मतवाटा संसदेच्या जागांत उतरवला, तर मजूर पक्षाला २९४ जागा मिळतात, असे ते गणित सांगत होते. बहुमताला ३२६ लागतात. म्हणजे त्रिशंकू संसद येणार, लढत अजून उघडी आहे, असे पंतप्रधान दोन-तीन दिवस बोलत राहिले. तज्ज्ञ नसलेला माणूससुद्धा हे पडताळून पाहू शकला असता. स्थानिक निवडणुकीत अपक्ष आणि छोट्या पक्षांना जेवढी मते पडतात तेवढी सार्वत्रिक निवडणुकीत पडत नाहीत. रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाने तेव्हा थोड्याच प्रभागांत उमेदवार दिले होते. आणि स्कॉटलंडमध्ये मतदानच नव्हते. अनेक अभ्यासकांनी त्याच आठवड्यात हे दाखवून दिले. ४ जुलैला मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या. गंमत अशी, की त्यांचा मेमधला अंदाजित मतवाटा ३४ टक्के होता आणि जुलैतली प्रत्यक्ष मते ३३.७ टक्के. मतांचा अंदाज जवळपास तंतोतंत, जागांचा शंभराहून अधिकने चुकलेला.

मतदाराच्या मनात काय होते, यावरची ओढाताण याहून जुनी आणि जास्त बेरकी. २०१९ च्या मेमध्ये हुजूर पक्षाने १,३३० जागा गमावल्या. विरोधातल्या मजूर पक्षाच्याही ८४ घटल्या. कमाई झाली ती लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन पक्षाची, म्हणजे ब्रेक्झिट नको म्हणणाऱ्यांची. आणि दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी काढलेला अर्थ काय, तर लोक सांगताहेत की ब्रेक्झिटचा निकाल लावून टाका! अपक्षांचेही अमाप पीक आले होते आणि चिडून खराब केलेल्या मतपत्रिकांची चर्चा होती, तेव्हा हा अर्थ अगदीच हवेतला होता असे नाही. पण मिळालेल्या मतांपेक्षा न मिळालेल्या मतांवरून कौल वाचण्याची ही कसरत अजब होती. वेल्समधल्या पक्षाच्या सभेत एका कार्यकर्त्याने पंतप्रधानांना तोंडावर विचारले, राजीनामा का देत नाही? तीन आठवड्यांनी त्यांनी तो जाहीर केला.

मतदार इतक्या आडवळणाने बोलत नाही. तीनातले दोघे बहुतेक वेळा मतदानाला फिरकत नाहीत, हीच पहिली प्रतिक्रिया. जे जातात त्यांतले काही खड्डे, कचरा आणि कौन्सिल टॅक्स यांवर मत देतात, काही देशाच्या सरकारला चिमटा काढायला. २०२३ पासून इंग्लंडमध्ये छायाचित्राचे ओळखपत्र लागते. पहिल्याच वेळी सुमारे १४,००० जण केंद्रावरून परत गेले ते पुन्हा आलेच नाहीत. राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना तिथे मताधिकार आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईहून नोकरीला गेलेला भारतीय नागरिकही नाव नोंदवून मत देऊ शकतो. भारतीय वस्तीच्या भागांनी देशाचा वारा मानला नाही, असेही दिसते. २०२२ मध्ये हुजूर पक्ष सगळीकडे मार खात असताना लंडनमधले हॅरो त्याने जिंकले, आणि २०२३ मध्ये लेस्टरमध्ये शून्यावरून १७ जागांवर गेला. तिथे मजूर पक्षाने आपल्याच बऱ्याच नगरसेवकांची तिकिटे कापली होती.

जागांचा नफा-तोटा चार वर्षांपूर्वीच्या निकालाशी मोजतात, हेही निकालाच्या रात्री कोणी फारसे सांगत नाही. २०२३ ची तुलना २०१९ च्या दाणादाणीशी होती, म्हणजे आधीच तळाला असलेला पक्ष आणखी हजारभर जागा खाली गेला. २०२५ ची तुलना होती २०२१ शी, लसीकरणाच्या लाटेवर हुजूर पक्ष तरंगत होता त्या वर्षाशी. म्हणून २०२५ मध्ये त्याच्या पावणेसातशेच्या आसपास जागा गेल्या, हातातल्या सगळ्या कौन्सिलींवरचा ताबाही गेला, आणि मजूर पक्ष दोनशेपेक्षा कमी जागा गमावून सुटल्यासारखा दिसला. प्रत्यक्षात त्याचा अंदाजित मतवाटा उरला होता २० टक्के. रिफॉर्म यूकेने ३० टक्क्यांच्या बळावर ६७७ जागा आणि दहा कौन्सिली घेतल्या. त्याच दिवशी रनकॉर्नची संसदेची पोटनिवडणूकही सहा मतांनी जिंकली. नऊ भागांतल्या निवडणुका कौन्सिलींच्या फेररचनेच्या नावाखाली वर्षभर पुढे ढकलल्या होत्या, त्या झाल्या असत्या तर आकडा आणखी वाढला असता असे त्या पक्षाचे म्हणणे.

मजूर सरकारने आधी ‘संदेश पोचला, आता वेग वाढवू’ असे ठरीव उत्तर दिले. दारोदार फिरलेले कार्यकर्ते मात्र वृद्धांच्या हिवाळी इंधनभत्त्यातली कपात भोवल्याचे सांगत होते. तीन आठवड्यांत पंतप्रधानांनी संसदेत ती कपात सैल करण्याची घोषणा केली.