समर्थकांना वेशीवर अडवले म्हणजे हाणामारी थांबते का?

कोल्हापुरात फुटबॉल समर्थकांच्या प्रवासावर बंदी घालायची म्हटले, तर नेमके काय बंद करायचे असा प्रश्न पडेल. इथले प्रमुख संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे, त्यांचे सामने राजर्षी शाहू स्टेडियमच्या एकाच मैदानावर होणारे, आणि पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशा सामन्याला येणारे दोन्हीकडचे लोक एकाच शहराच्या पेठांतून चालत नाहीतर दुचाकीवरून येणारे. येथे पाहुणा संघ म्हणजे चार गल्ल्या पलीकडचा संघ. तरीही मैदानावर किंवा मैदानाबाहेर वाद झाला, दगड पडले, पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागल्या, की दुसऱ्या दिवशीची चर्चा ठरलेली असते: एका बाजूच्या समर्थकांना आत सोडू नये, प्रेक्षकांविना सामने घ्यावेत, नाहीतर हंगामच थांबवावा. हेच उपाय युरोप आणि दक्षिण अमेरिकेत गेली कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर वापरले जात आहेत. त्यांचे काय झाले हे तपासणारे बरेच संशोधनही उपलब्ध आहे. गर्दीच्या मानसशास्त्रातील हा भाग आपल्याकडे फारसा पोचलेला नाही.

आधी उपायांचे प्रकार पाहू. नेदरलँड्समध्ये धोक्याच्या मानल्या गेलेल्या सामन्यांसाठी पाहुण्या समर्थकाला नुसते तिकीट मिळत नाही. ठरवून दिलेल्या बसने किंवा रेल्वेनेच जाण्याच्या अटीवर ते मिळते. ब्रिटनमध्ये कार्डिफ आणि स्वान्सी यांच्या सामन्यांना अनेक वर्षे अशीच बसची सक्ती होती. फ्रान्समध्ये 2011 च्या कायद्याने गृहमंत्र्याला एखाद्या संघाच्या समर्थकांचा प्रवासच रोखण्याचा अधिकार दिला आणि आदेश मोडणाऱ्यास सहा महिने कैद व 30,000 युरो दंडापर्यंतची शिक्षा ठेवली. त्या कायद्यात समर्थक कोण, तर स्वतःला समर्थक म्हणवणारा किंवा तसे वागणारा. अर्जेंटिनाने 2013 मध्ये पहिल्या श्रेणीच्या सामन्यांतून पाहुणे समर्थक सरसकट हद्दपार केले. त्याला निमित्त ठरला ला प्लाता शहरातील सामन्याच्या वेळी झालेला पाहुण्या संघाच्या एका समर्थकाचा मृत्यू, आणि तो पोलिसांनी झाडलेली रबरी गोळी लागून झाला होता. गोळी पोलिसांची आणि बंदी मात्र समर्थकांवर, हा न्याय मला तरी उमगलेला नाही.

या बंदीनंतरही अर्जेंटिनातील सर्वांत गाजलेली घटना टळली नाही. 24 नोव्हेंबर 2018 रोजी ब्युनोस आयर्समध्ये रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स यांच्यात दक्षिण अमेरिकेच्या क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना होता. बोकाच्या समर्थकांना प्रवेश नव्हता. तेव्हा रिव्हरच्या समर्थकांनी थेट बोकाच्या खेळाडूंची बस फोडली, काचा लागून खेळाडू जखमी झाले, आणि अखेर हा सामना अटलांटिक महासागर ओलांडून माद्रिदला 9 डिसेंबरला खेळवावा लागला. नेदरलँड्समध्ये आयाक्स आणि फेयेनूर्ड यांच्या लीग सामन्यांत 2009 पासून पाहुणे समर्थक नाहीत. तरीही सप्टेंबर 2023 मध्ये ॲमस्टरडॅमला पाहुणा संघ तीन गोलांनी पुढे असताना आयाक्सच्याच समर्थकांनी मैदानात पेटते फटाके फेकले, सामना थांबवावा लागला आणि उरलेला खेळ काही दिवसांनी रिकाम्या स्टेडियममध्ये उरकण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अथेन्समध्ये क्रोएशियातील झाग्रेबच्या संघाच्या समर्थकांना बंदी होती. तरी शेकडाभर लोक गाड्या करून देशांच्या सीमा ओलांडत पोचले, आणि सामन्याच्या आदल्या रात्री झालेल्या हाणामारीत एका स्थानिक तरुणाचा भोसकून खून झाला. बसमधून येणाऱ्यांची मोजदाद होते, पोलीस सोबत असतात. बंदी मोडून येणारे मात्र कुणाच्याच नोंदीत नसतात.

स्टेडियममध्ये बंदोबस्त कडक झाला की भांडण स्टेडियम सोडून दुसरीकडे सरकते, हेही दिसले आहे. 23 मार्च 1997 रोजी नेदरलँड्समधील बेव्हरवाइक गावाजवळ महामार्गालगत आयाक्स आणि फेयेनूर्डच्या टोळ्या ठरवून भिडल्या आणि त्यात एक जण ठार झाला. त्या दिवशी या दोन संघांत सामनाच नव्हता.

या सगळ्यांत सर्वांत जड घटना इंडोनेशियातील आहे, आणि बंदोबस्ताचा आराखडा आखणाऱ्या प्रत्येकाने ती बारकाईने वाचली पाहिजे. 1 ऑक्टोबर 2022 रोजी पूर्व जावामधील मलंग शहराजवळच्या कंजुरुहान स्टेडियमवर अरेमा आणि पर्सेबाया या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा सामना झाला. हाणामारी नको म्हणून पर्सेबायाच्या समर्थकांना मुळातच येऊ दिले नव्हते. अरेमा 2-3 असा हरला आणि चिडलेले, निराश झालेले स्थानिक प्रेक्षक मैदानात उतरले. त्यांच्याशी भिडायला समोर प्रतिस्पर्धी समर्थक कुणीही नव्हते. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि नळकांड्या मैदानाबरोबरच माणसांनी भरलेल्या गॅलऱ्यांतही पडल्या. डोळे चुरचुरणारे, श्वास कोंडलेले हजारो लोक एकाच वेळी अरुंद जिन्यांवरून दरवाजांकडे धावले, आणि काही दरवाजे पुरते उघडलेलेच नव्हते. 135 माणसे मेली. जागतिक फुटबॉल महासंघाच्या सुरक्षा नियमांनुसार स्टेडियममध्ये गर्दीवर वायू वापरण्यास मनाई आहे. तो नियम तेथे कागदावरच राहिला.

अशा वेळी मरण बहुतेकदा पायाखाली तुडवले गेल्याने येत नाही, तर उभ्या उभ्या गुदमरून येते. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार माणसे असतात तोवर प्रत्येकाला आपली वाट निवडता येते. ही संख्या सहा-सातच्या पुढे गेली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते, मागचा रेटा पुढे पोचतो, छातीला फुगायला जागा उरत नाही आणि श्वास थांबतो. मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे याचा पत्ता नसतो, त्यामुळे तो ढकलत राहतो. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर 1989 मध्ये झालेल्या चेंगराचेंगरीचे बळी 97 आहेत. हुल्लडबाजांना रोखण्यासाठी उभारलेल्या लोखंडी जाळीनेच तेथे लोकांची सुटकेची वाट अडवली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बंदी आणि जाळी यांच्यामागे गर्दीविषयीचे एक जुने गृहीतक आहे. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बाँ यांनी 1895 मध्ये असे मांडले होते, की माणूस जमावात शिरला की त्याची विवेकबुद्धी लोपते, भावना एकाकडून दुसऱ्याकडे संसर्गासारखी पसरते आणि शहाणीसुरती माणसेही रानटी होतात. आपल्याकडचे ‘जमावाला डोके नसते’ हे वाक्य याच जातीचे. 1980 नंतर स्टीफन रायशर यांच्यासारख्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष दंगलींचा अभ्यास केला तेव्हा वेगळेच आढळले. गर्दीतील माणूस आपली ओळख गमावत नाही, तो ती बदलतो. एरवी तो कुणाचा मुलगा, कुठल्या कारखान्याचा कामगार असतो. मैदानात तो आपल्या पेठेचा असतो. काय शोभते आणि काय शोभत नाही याचे नियम तो त्या ओळखीतून घेतो. ही ओळख समोरचे आपल्याशी कसे वागतात यावरही घडते, आणि समोरच्यांत पोलीसही येतात.

ओळखीची ही ताकद दाखवणारा एक सुरेख प्रयोग इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात झाला आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी त्यांच्या संघाविषयी प्रश्न विचारले आणि मग दुसऱ्या इमारतीकडे पाठवले. वाटेत एक तरुण धावताना घसरून पडे आणि घोटा धरून कण्हत बसे. अर्थात तो संशोधकांचाच माणूस होता. त्याच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा शर्ट असताना 13 पैकी 12 जण मदतीला थांबले. लिव्हरपूलचा शर्ट असताना 10 पैकी तिघेच थांबले. पुढच्या फेरीत संशोधकांनी एकच गोष्ट बदलली: प्रश्न एका संघाविषयी न विचारता, फुटबॉलचे चाहते म्हणून कसे वाटते याविषयी विचारले. आता लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्या त्याच ‘वैऱ्याला’ 10 पैकी सात जणांनी मदत केली. नमुना लहान आहे हे मान्य, पण वैर हे माणसाच्या स्वभावात कायमचे कोरलेले नसते, ते त्या घटकेला कोणती ओळख जागी आहे यावर ठरते, एवढे त्यातून दिसते.

याच तत्त्वावर 2004 च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालमध्ये पोलीस बंदोबस्त आखला गेला, आणि क्लिफर्ड स्टॉट यांच्यासह काही संशोधक त्यात सहभागी होते. इंग्लंडच्या समर्थकांची तेव्हा युरोपभर धास्ती होती. पोर्तुगालच्या शहरी पोलिसांनी नेहमीच्या गणवेशातील शिपाई जोडीजोडीने गर्दीत पाठवले, त्यांना लोकांशी बोलायला, वाट सांगायला, फोटो काढून घ्यायलाही मोकळीक दिली. ढाली-शिरस्त्राणांची दंगल नियंत्रण पथके गल्लीआड, नजरेबाहेर पण हाकेच्या अंतरावर ठेवली. कुणी मर्यादा ओलांडली तर सरसकट लाठीमार न करता त्या माणसालाच पटकन बाजूला काढले. या पोलिसांच्या हद्दीतील सामन्यांच्या शहरांत इंग्लंडच्या समर्थकांचा मोठा दंगा झाला नाही. उलट बेताल वागणाऱ्याला त्याच्याच सोबत्यांनी आवरल्याची उदाहरणे निरीक्षकांनी नोंदवली. त्याच दिवसांत अल्बुफेरा या समुद्रकाठच्या गावी, जेथे दुसरे निमलष्करी पोलीस दल जुन्या पद्धतीने काम करत होते, तेथे मात्र रात्री धुमश्चक्री झाली.

गोडीगुलाबीने सगळे मिटते असा याचा अर्थ कुणी काढू नये. डच संशोधक ऑटो अदांग यांनी उमेदीच्या काळात आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींचे निरीक्षण केले आणि पुढे तीच नोंदींची शिस्त घेऊन ते फुटबॉलच्या गर्दीत उतरले. त्यांना दोन प्रकारचा हिंसाचार दिसला. पहिला प्रसंगातून पेटणारा: पंचाचा निर्णय, अडवलेला दरवाजा, एखादी लाठी. दुसऱ्याला निमित्त लागत नाही, कारण काही तरुणांची टोळी प्रतिस्पर्धी शोधतच घराबाहेर पडलेली असते. पहिल्याला संवाद आणि नीट नियोजन पुरते. दुसऱ्यासाठी नावानिशी कारवाई लागते. दोन्ही प्रकारांत हात उचलणारे गर्दीच्या मानाने मूठभरच असतात, हेही त्यांच्या नोंदी सांगतात.

समर्थकांना वेगळे बसवणे निरर्थक आहे असेही नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात मैदानातला वाद गॅलरीत पोचला आणि 16 प्रेक्षकांचा जीव गेला. दोन्हीकडचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसलेले होते. पण त्याच कोलकात्यात 18 ऑगस्ट 2024 रोजी याच दोन संघांचा ड्युरँड चषकातील सामना सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाला, तेव्हा शहर एका तरुण डॉक्टर महिलेवरील अत्याचार आणि खुनाने हादरलेले होते. त्या संध्याकाळी सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर दोन्ही संघांचे समर्थक आपापले झेंडे घेऊन न्यायाची मागणी करत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लँकेस्टरच्या प्रयोगात प्रश्नावलीने जे घडवले, ते तेथे रस्त्यावर घडले.

इंग्लंडने सरसकट प्रवासबंदीपेक्षा माणसागणिक बंदीवर भर दिला. 1989 च्या कायद्यानुसार आणि 2000 च्या दुरुस्तीनंतर न्यायालय दोषी व्यक्तीला तीन ते दहा वर्षे सामन्यांपासून दूर ठेवू शकते, आणि परदेशातील स्पर्धांच्या वेळी तिला पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागतो. आपल्याकडे 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात तडीपारीची तरतूद आहेच, पण ती सराईत गुन्हेगारांसाठीचे जड हत्यार आहे. गॅलरीतून बाटली फेकणाऱ्या विशीतल्या पोराला जिल्ह्याबाहेर काढणे हा अतिरेक होईल, आणि त्याच्यासाठी अख्ख्या तालमीला हंगामाबाहेर ठेवणे हा त्याहून मोठा. एक-दोन हंगाम स्टेडियमची दारे त्याच्यापुरती बंद ठेवणे आणि ते प्रवेशद्वारावर ओळख पटवून पाळणे, एवढे पुरेसे ठरावे.

कोल्हापूरकडे एक जमेची बाजू आहे, जी परदेशी संघटनांना मुद्दाम उभी करावी लागली. युरोपीय फुटबॉल संघटनेने 2012 च्या सुमारास प्रत्येक क्लबला समर्थकांशी दुवा साधणारा अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. आपल्याकडे तालमींचे कार्यकर्ते गणेशोत्सवाच्या शांतता समितीत पोलिसांसमोर बसतातच. कोणत्या पेठेत कुणाचा शब्द चालतो हे ठाण्याच्या अंमलदाराला ठाऊक असते. ही बैठक मोठ्या सामन्याआधीही व्हायला हवी, आणि तिचा विषय ‘शांतता राखा’ इतका मोघम नको. सामना सुटल्यावर कोणत्या गॅलरीचा दरवाजा आधी उघडायचा, दुसऱ्या बाजूला किती मिनिटे थांबवायचे, थांबलेल्यांना ते आधी सांगायचे की नाही, जिंकलेल्यांच्या दुचाकी झेंडे घेऊन निघाल्या की हरलेल्या पेठेच्या चौकातून जाणार की वळून, पुंगळ्या काढलेल्या गाड्या कुठे अडवायच्या, हे प्रश्न ठोस आहेत. कुठेही वादाची मोठी ठिणगी अनेकदा शिट्टी वाजल्यानंतर मैदानाबाहेरच्या रस्त्यावर पडते, आणि बंदोबस्ताची बहुतेक माणसे तेव्हा आतच असतात.

अदांग यांच्या पद्धतीचे काम इथे करायला फार खर्चही येणार नाही. महाविद्यालयातील समाजशास्त्राच्या किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वह्या देऊन एका हंगामभर गॅलऱ्यांत आणि दरवाजांवर बसवावे, आणि पहिली शिवी, पहिली ढकलाढकली, पहिला दगड किती वाजता, कुठे, कशानंतर आला आणि त्या क्षणी सर्वांत जवळचा पोलीस किती अंतरावर होता, एवढेच लिहून घ्यावे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए) ही इथली फुटबॉल संघटना आणि पोलीस यांच्यापुढे पुढच्या हंगामाआधी ही वही ठेवली, तर बंदी कुणावर घालायची यावर वाद घालण्यापूर्वी निदान दरवाजा कुठला रुंद करायचा ते ठरवता येईल.