पद्मावती देवी फुकननी: छापखाना आणि माग

पद्मावती देवी फुकननी (1853–1927) यांची कादंबरी 'सुधर्मार उपाख्यान' 1884 साली छापली गेली, तेव्हा असमिया भाषा आपल्याच मुलखातल्या शाळा-कचेऱ्यांत परत येऊन जेमतेम अकरा वर्षे झाली होती. 'असमियातली पहिली कादंबरीकार स्त्री' एवढ्यावर बहुतेक परिचय संपतात. पण एखाद्या स्त्रीने असमियात लिहावे आणि ते छापून यावे, यासाठी आधी काय काय जुळून यावे लागले, हे पाहिल्याशिवाय त्या बिरुदाला फारसे वजन येत नाही.

ब्रह्मी आक्रमणांनी अहोम राज्य खिळखिळे झाले आणि 1826 च्या यांदाबो तहानंतर आसाम कंपनीच्या हाती गेले. दहा वर्षांनी, 1836 मध्ये, कचेऱ्यांत आणि पुढे शाळांतही बंगाली लागू झाली. असमिया ही बंगालीचीच एक बोली, असा अधिकाऱ्यांचा समज होता. त्याच वर्षी नेथन ब्राउन हे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी छापखान्यासह सदियाला पोचले. पुढे मिशनचे ठाणे शिवसागरला स्थिरावले आणि जानेवारी 1846 पासून तिथून 'अरुणोदई' हे मासिक निघू लागले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होताच, पण भूगोल, विज्ञान आणि देशोदेशीच्या बातम्या असमियात वाचायला मिळाल्या त्या तिथेच. मिशनमधल्या स्त्रियाही स्वस्थ बसल्या नव्हत्या. हॅरिएट कटर यांचा इंग्रजी-असमिया शब्दसंग्रह 1840 सालचा आहे.

पद्मावतींचे वडील आनंदराम ढेकियाल फुकन (1829–1859) हे या सगळ्याच्या मध्यभागी होते. पद्मावतींचे आजोबा हलिराम यांनी 1829 मध्ये आसामचा इतिहास लिहिला, तोही बंगालीत. आनंदराम कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकले, 'अरुणोदई'त लिहू लागले, 1849 मध्ये त्यांनी मुलांसाठी 'असमिया लरार मित्र' हे पुस्तक काढले, आणि 1855 मध्ये असमिया ही स्वतंत्र भाषा आहे हे मांडणारी इंग्रजी पुस्तिका शिवसागरच्या छापखान्यातून, स्वतःचे नाव न घालता, प्रसिद्ध केली. सरकारी नोकरीत राहून सरकारी भाषाधोरणावर टीका करायची, तर निनावी राहणेच शहाणपणाचे. तिशी गाठण्याआधीच ते नगावला वारले. मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती.

'फुकन' हे अहोम दरबारातले अधिकारपद. पुढे ते घराण्याचे नाव झाले आणि त्या घरातल्या बाईच्या नावापुढे 'फुकननी' लागू लागले. घर ब्राह्मणाचे, सुधारकी वळणाचे. आनंदरामांच्या तालमीत वाढलेले, त्यांच्या नात्यातले गुणाभिराम बरुवा यांनी 1857 मध्ये विधवाविवाहावर नाटक लिहिले आणि पुढे स्वतः विधवेशी लग्न केले. त्यांची मुलगी स्वर्णलता कलकत्त्याच्या बेथून शाळेत शिकली आणि तीही लेखिका झाली. असमियात लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये एकाच गोतावळ्यातल्या दोघी असाव्यात, हा योगायोग नव्हे. मुलींच्या शाळा मोजक्या होत्या, त्यामुळे मुलगी शिकणार की नाही हे घरातल्या पुरुषांच्या मतावर ठरत असे.

1873 मध्ये असमियाला शाळा-कचेऱ्यांत पुन्हा स्थान मिळाले आणि एक साधी, व्यावहारिक गरज उभी राहिली: पुस्तकेच नव्हती. वाचनमाला, नीतिपाठ, गोष्टी, सगळे नव्याने लिहायचे होते. पद्मावतींचे दुसरे पुस्तक 'हितसाधिका' हे याच गरजेतले, मुलांना बोध करणारे. 'सुधर्मार उपाख्यान'ही नीतीचा धागा सोडत नाही. सुधर्मा हे नायिकेचे नाव, आणि 'उपाख्यान' हा पुराणातल्या आख्यानाशी नाते सांगणारा शब्द लेखिकेने मुद्दाम पत्करलेला दिसतो. त्यात आजच्या अर्थाने मनोविश्लेषण किंवा घट्ट वीण शोधायला जाल, तर निराशा होईल. सद्गुणाची कसोटी, संकटे आणि धीर या चौकटीत ते वाचावे. जवळ दुसरा नमुनाही फारसा नव्हता. मिशनरी ए. के. गर्नी यांची 'कामिनीकांत' 1877 ची, तीही धर्मांतराचा पुरस्कार करणारी. पद्मनाथ गोहाईं बरुवांची 'भानुमती' यायला अजून सहा वर्षे होती.

हा झाला छापखान्याचा भाग. आसामच्या बाईचे हस्तकौशल्य मात्र छापखान्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले. महाराष्ट्रात विणकाम म्हटले की साळी, कोष्टी, पद्मसाळी असे समाज डोळ्यांपुढे येतात. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात तसे नाही. तिथे माग घरोघरी असतो, जातीची अट नसते आणि त्यावर बसते ती बाई. वरच्या जातीच्या घरातही विणता न येणारी मुलगी लग्नाच्या बाजारात उणी ठरायची. म्हणून त्या काळच्या स्त्रीशिक्षणाचा विचार करताना अक्षरांच्या आधी माग धरावा लागतो.

मागाला तिकडे 'ताँतशाल' म्हणतात. जमिनीत रोवलेले चार खांब, ताणा (उभे धागे) गुंडाळायला आणि विणलेले कापड गुंडाळायला दोन तुळया (टोलोठा), धागे दाबणारी फणी (राँच) आणि ती बसवलेला, वरून टांगलेला ठोक्या (दोरपती), ताण्याचे धागे आलटून पालटून उचलणारी दोऱ्यांची वई ('ब'), ती ओढणारी पायपट्टी (गरका), हाताने फेकायचा धोटा (माको) आणि त्यातली कांडी (महुरा). सामान बहुतेक बांबूचे आणि लाकडाचे, घरीच केलेले. खरी कसोटी विणण्याआधीच लागते. फणीच्या घरांतून आणि वईच्या फाशांतून एकेक धागा ओवताना एक जरी घर सुटले, तरी पूर्ण लांबीभर उभी रेघ राहते. दोन धाग्यांची अदलाबदल झाली तर नक्षी तिथे दरवेळी फसते. मग पुढचे धागे काढून पुन्हा ओवण्यावाचून गत्यंतर नाही. ठोका कधी जोरात, कधी हलका पडला तर कापडात दाट-विरळ आडवे पट्टे उमटतात, ते धुऊनही जात नाहीत.

नक्षीची जुनी पद्धत अशी: ओळीनुसार ताण्याचे ठराविक धागे मोजून उचलायचे आणि त्यांखाली बांबूची बारीक काडी सरकवायची, एका ओळीला एक काडी. काडीने वाट उघडली की रंगीत जादा बाणा (आडवा धागा) घालायचा, आणि तो धरून ठेवायला साध्या बाण्याचा धोटा फिरवायचा. नक्षी वरखाली सारखी असेल तर त्याच काड्या उलट क्रमाने वापरता येतात, मेहनत निम्मी होते. मोजणीत एका धाग्याची चूक झाली तर ती लगेच दिसत नाही. आठ-दहा ओळींनंतर झाडाची फांदी कलल्यासारखी वाटते, तेव्हा तितक्या ओळी उसवाव्या लागतात.

धागा तीन रेशमांचा. पाट तुतीवरचे, पांढरे. एरी एरंडाच्या पानांवरचे. त्याचा कोश एका टोकाला उघडा असल्याने अखंड तार निघत नाही, म्हणून तो कापसासारखा चातीवर कातावा लागतो. तिसरे सोनेरी मुगा. याचे किडे घरात नव्हे, सोम आणि सोआलूच्या झाडांवर उघड्यावर वाढतात. वर्षात पाच-सहा पिके होतात, पण विणकामाचा कोश मुख्यतः जेठुआ (मे-जून) आणि कातिया (ऑक्टोबर-नोव्हेंबर) या दोन पिकांचा. कावळे, गांधीलमाश्या, मुंग्या आणि उझी माशी यांच्यापासून राखण करावी लागते. उष्मा वाढला की रोगाने पीकच्या पीक झोपते. पिकलेला किडा खोडावरून खाली उतरू लागला की त्याला वाळक्या पानांच्या जुडीत सोडतात, तिथे तो कोश बांधतो.

कोश राखेच्या पाण्यात शिजवतात. राख कमी पडली तर डिंक मऊ होत नाही आणि तार सारखी तुटते. जास्त शिजला तर कोशाचा लगदा होऊन तारच सापडत नाही. आठ-दहा कोशांच्या तारा एकत्र ओढून एक धागा होतो. 'भीर' या हातयंत्रावर दोघी बसतात: एक तारा ओढते, दुसरी हाताच्या पुढच्या भागावर घासून पीळ देते आणि चाक फिरवते. एक किलो धाग्याला सुमारे पाच हजार कोश लागतात. मेखला-चादरीची (आसामी बायकांच्या दोन तुकड्यांच्या पोशाखाची) किंमत ऐकून भुवया उंचावणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

मागावरचे काम चैत्र सरतीला वाढते, कारण बोहाग बिहूला (आसामी नववर्षाच्या सणाला) घरच्यांना स्वतः विणलेला गामोसा (पंचासारखे कापड) द्यायची रीत आहे. शेती, स्वयंपाक आणि माग यांतून उरलेला वेळ एवढाच लिहिण्यावाचण्याचा, तोही दिव्याच्या उजेडात. घरात आधीच शिकण्याची सोय आणि मदतीला माणसे असलेल्या बाईकडूनच पहिले पुस्तक यावे, यात नवल नाही. पद्मावतींचे धैर्य त्याने कमी होत नाही, पण त्यांच्यासारखी बुद्धी असलेल्या इतर कितीजणी मागाच्या पुढे गेल्याच नाहीत, तेही यात दिसते.

पुस्तकानंतरच्या दशकात स्त्रीशिक्षणावरचा वाद थांबला नाही. 1885 मध्ये गुणाभिरामांनी 'आसाम बंधू' हे मासिक काढले, पुढच्याच वर्षी 'मौ' आले, आणि स्त्रियांनी किती व काय शिकावे यावर उलटसुलट लिहिले जाऊ लागले. 1889 च्या 'जोनाकी' मासिकाने साहित्याची चाल बदलली आणि उपाख्यानाची धाटणी जुनी वाटू लागली. स्त्रियांच्याच संपादनाखाली निघणारे मासिक यायला मात्र 1927 उजाडावे लागले: कनकलता चलिहा आणि कमलालया काकती यांचे 'घर-जेउती'. पद्मावतींचे निधन त्याच वर्षीचे.